विषय: ४ जूनच्या सुटीला ‘ट्वायलाइट इम्पेरियम’ – नक्की बसणारे सहा भिडू हवेत

प्रेषक: खेळगट समन्वयक

नमस्कार मंडळी,

जर्मनीतल्या एसेनच्या ‘श्पील’ या पटखेळांच्या जत्रेतून आणलेली ‘ट्वायलाइट इम्पेरियम’ या अंतराळातल्या साम्राज्यांच्या पटखेळाची पेटी अजून कपाटावरच आहे. तारखेसाठी मतदान टाकलं की सगळे ‘जमलं तर’वर खूण करतात आणि घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून या वेळी मतदान नाही, थेट तारीख. गुरुवार ४ जूनला फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची सुटी आहे आणि शुक्रवारी बऱ्याच जणांचा ब्र्यूकनटाग, म्हणजे सुटी आणि शनिवार-रविवार जोडणारी रजा. सकाळी साडेनऊला आमच्याकडे. खुर्च्या सहाच. ‘बघतो’, ‘कळवते’ ही उत्तरं नकार समजेन.

*

प्रेषक: खजिनदार

समन्वयकताई,

पेटी पाहिली मी, तिच्यावरच चार ते आठ तास लिहिलंय. म्हणजे आपल्या लोकांना दहा. शिवाय आधी नियम सांगणार, मधे जेवण, मग कुणाची तरी गाडी सुटणार. नमनालाच घडाभर तेल! त्यापेक्षा ‘जॉन कंपनी’ काढा की. माझ्याकडे २०२२ ची दुसरी आवृत्ती आहे, सहा जणांना चालते आणि संध्याकाळच्या आत आटपते. ईस्ट इंडिया कंपनीतली इंग्रज घराणी आपण चालवायची. कंपनी बुडाली तरी आपलं घराणं वर येऊ शकतं, ही त्यातली खरी गंमत. फक्त मुंबईच्या प्रेसिडेन्सीचं सैन्य घेऊन नकाशावरच्या मराठ्यांच्या मुलखावर चालून जाताना माझा हात थोडा जड होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

*

प्रेषक: जुना भिडू

काका, ‘जॉन कंपनी’ लहान आहे हे खरं, पण शिकवायला ती जास्त अवघड, असं माझं मत. तिथे कुणाला कंपनीतलं कुठलं पद मिळालं यावर प्रत्येकाचं काम बदलतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत असावं लागतं. ‘ट्वायलाइट इम्पेरियम’चं उलट आहे. त्याचे नियम ढीगभर आहेत, पण ते एकदम लागत नाहीत. शिकवणारा पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि दुपारपर्यंत माणसं फोन काढतात, घोळ इथे होतो.

मी तीनच गोष्टींनी सुरुवात करतो. पहिली, हा लढाईचा खेळ नाही, दहा गुण आधी करायचा खेळ आहे. पटावर सुरुवातीलाच दोन उद्दिष्टं उघडी असतात. ती मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकाला विचारायचं, यातलं तुला कुठलं जमेल? नवा माणूस जहाजांचा ताफा बांधत बसतो आणि शेजारी ग्रह मोजून गुण घेऊन जातो. हे आधी डोक्यात गेलं की निम्मं शिकवणं झालं.

दुसरी, कमांड टोकन. सुरुवातीला आठ मिळतात: तीन हालचालीचे, तीन ताफ्याचे, दोन दुसऱ्याच्या कार्डाचा फायदा घ्यायचे. जिथे हालचालीचं टोकन ठेवलं तिथे त्या फेरीत आपण पुन्हा काही हलवू शकत नाही. नवे भिडू हमखास अडकतात ते इथेच, म्हणून हे बोलून नाही, हाताने दोनदा करून दाखवायचं.

तिसरी, आठ स्ट्रॅटेजी कार्डं. सहा जण असले की प्रत्येकी एक. कार्डावरचा वरचा भाग घेणाऱ्याचा, खालचा बाकीच्यांसाठी. बस्स.

लढाई पहिली जहाजं भिडतील तेव्हा सांगायची. दहा बाजूंचा फासा, आपल्या तक्त्यावर त्या जहाजापुढे लिहिलेला आकडा किंवा त्याहून जास्त पडला की मार लागला. हे समजायला मिनिटभर पुरतं, पण ते आधी सांगितलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही. मतदानाच्या ठरावांचा भाग तर सकाळी उच्चारायचाच नाही. मधल्या मेकाटोल रेक्स ग्रहावर सहा इन्फ्लुएन्स (ग्रहांवरून मिळणारं राजकीय वजन) खर्चून कुणीतरी पहिल्यांदा उतरेपर्यंत तो टप्पा सुरूच होत नाही. तोवर जेवणं होतात, आणि माणसं पोट भरल्यावर ठराव बरे ऐकतात (मंडळाच्या वार्षिक सभेचा अनुभव).

आता वेळेचं. पहिली फेरी सगळ्यांत जास्त खाते. म्हणून आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी ज्यांना जमेल त्यांनी माझ्याकडे या, फक्त एक फेरी खेळू आणि पट मोडू. गुण मोजायचे नाहीत, सगळेच लिंबूटिंबू. ४ तारखेला टेबलावर तीन जण असे असले की उरलेल्या तिघांना कुणी शिकवावं लागत नाही, ते शेजाऱ्याकडे बघून शिकतात. घराणी, म्हणजे प्रत्येकाने चालवायच्या जमाती, मी वाटणार. निवडायला दिली तर त्यातच तास जातो. नव्यांना सोल, व्यापाराची आवड असेल त्याला हाकान.

आणि शेवट आधी ठरवू. साधारण पाच-सहा फेऱ्यांत निकाल लागतो. संध्याकाळी पाचनंतर सुरू होईल ती फेरी शेवटची, दहा गुण होवोत न होवोत. कुणी ‘अजून एकच’ म्हटलं तर तो रडीचा डाव. शेजाऱ्यांची दहानंतरची शांतता सांभाळायची आहे, आणि हरणाऱ्याने उगाच ताटकळत बसावं असं मला वाटत नाही.

*

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार. मी कॅटान या सोप्या पटखेळाच्या पुढे काही खेळलेले नाही. मुलगी चार वर्षांची आहे, तीननंतर मला निघावंच लागेल. तरी यायची फार इच्छा आहे. अर्ध्यात उठलं तर बाकीच्यांचा खेळ बिघडतो का?

*

प्रेषक: जुना भिडू

एकट्याने उठलात तर बिघडतो, तुमचे ग्रह शेजारी फुकटात वाटून घेतात. पण एका खुर्चीवर दोघं बसलात तर नाही. सकाळी तुम्ही खेळायचं, जोडीदाराने शेजारी बसून बघायचं, तीनला खुर्ची त्याच्याकडे. तो दुपारी नव्याने आला असं करू नका, कुणाला काय वचन दिलंय हे त्याला माहीत नसतं आणि मग भांडणं होतात. समन्वयकताईंचे साहेब रिकामे असतात असं ऐकलंय.

*

प्रेषक: खेळगट समन्वयक

साहेबांनी हो म्हटलंय, त्यांना विचारलं गेलं नसलं तरी.

खुर्च्या: जुना भिडू, मी, नवीन सभासद + साहेब, ग्रंथालयवाल्या ताई, खजिनदारकाका (काका, तुम्ही नाही म्हणालेला नाहीत). एक रिकामी आहे. सरावाची फेरी गुरुवार २८ मे, सात वाजता, जुन्या भिडूकडे.

टेबलावर खाणं नाही. पोहे आणि चहा स्वयंपाकघरात, भेळ तर घरातच नको, कार्डांना चिंचेचे हात लागतात.

*

प्रेषक: खजिनदार

येतो. हाकान मला. सहा कमॉडिटी (विकायचा माल) मिळतात आणि शेजारी नसलेल्याशीही सौदा करता येतो, एवढं मी वाचून ठेवलंय. वर्गणीही त्याच दिवशी गोळा करीन.

टेबलाचं बघा. सहा जणांना निदान सहा फूट बाय तीन फूट लागेल, तुमचं गोल आहे. माझं घडीचं टेबल आहे, पण ते गाडीत आडवंच बसतं, म्हणून मागच्या सीटवर कुणाला आणता येणार नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी आपापलं बघावं.