मदत हवी आहे: हर्डल, ऑब्स्टॅकल का बॅरिअर? पुतणीच्या भाषणासाठी

नमस्कार मंडळी, पुतणी नववीत आहे, आमच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेवर शाळेत इंग्रजीत भाषण करायलीय. मराठीत आपण स्टीपलचेसला अडथळ्यांची शर्यत म्हणतो आन् मोकळे होतो, पण इंग्रजीत तिनं "हर्डल रेस" लिहिलं तर मैत्रीण म्हणायली ऑब्स्टॅकल लिही, मोबाईलवर कॉमेंट्री लावली तर तिथं बॅरिअर, डिक्शनरीत तिन्हीपुढं अडथळाच. २०२२ चं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य, ८ मिनिटं ११.२० सेकंद, २०२३ चं हांगझोउचं एशियाडचं सुवर्ण, हे सगळं तिचं पाठ आहे, फक्त या शब्दांपाशी गाडी अडलीय. साबळे म्हणजे इकडच्या पोरांचा जीव की प्राण, त्याच्यावर बोलताना चूक राहू नये असं मनापासून वाटतं. कोणता शब्द कुठं वापरायचा, वाक्यासकट सांगा.

प्रतिसाद

दादा, पहिलं म्हणजे "हर्डल रेस" काढायला सांगा, ती वेगळी स्पर्धा आहे, पुरुषांची ११० आन् ४०० मीटरची, तिथले हर्डल पाय लागला की पडतात. साबळेची ३००० मीटर स्टीपलचेस, त्यात २८ हर्डल आन् ७ वेळा पाण्यावरची उडी. नियमात शब्द हर्डलच आहे पण एकेक ८० ते १०० किलोचा, पडत नाही, त्याच्यावर पाय देऊनही जाता येतं, म्हणून कॉमेंट्रीवाले त्याला बॅरिअरही म्हणतात. म्हणजे शर्यतीचं नाव स्टीपलचेस, आन् ज्यावरून उडी मारायची ते हर्डल, बॅरिअर म्हटलं तरी चालतं.

शर्यत सोडून बोलायचं तर वाटेत आडवं येणारं काहीही ऑब्स्टॅकल, त्याच्यापुढं "टू" येतो, "फॉर" नाही: "लॅक ऑफ अ ट्रॅक इज ॲन ऑब्स्टॅकल टू ट्रेनिंग." हर्डल म्हणजे पार करून पुढं जायचा टप्पा, त्याच्यासोबत क्लिअर किंवा ओव्हरकम चालतं: "शी क्लिअर्ड द फर्स्ट हर्डल." बॅरिअर दोन बाजूंच्या मधे उभा असतो, म्हणून लँग्वेज बॅरिअर म्हणतात, तिथं हर्डल कानाला खटकतं.

भाषण लिहून झालं की इथं टाका, वाचून सांगतो.