मदत हवी आहे – आईची हार्मोनची गोळी, पाच वर्षं घ्यायची का?
आई ६४ची, आम्ही मुलुंडला. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन सगळं नीट झालं, गाठ ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी) निघाली म्हणून इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोल २.५ एमजी रोज एक, कमीत कमी ५ वर्षं. दोन महिने झाले आणि सकाळी उठली की बोटं अशी आखडलेली असतात की पोळीची कणीक मळता येत नाही, स्टेशनचा जिना तर एकेक पायरी थांबत. काल बघते तर गोळ्यांची स्ट्रिप मिसळणाच्या डब्यामागे लपवलेली, चार गोळ्या तशाच! म्हणते, कॅन्सर गेला ना, मग आता कशाला. डेक्सा स्कॅनमध्ये हाडांची घनताही जरा कमी आलीये. टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनच्या गोळीवर बदलून कुणाला बरं वाटलं का? त्यात रक्ताच्या गुठळ्यांची भीती असते म्हणे, आणि आईचे पाय आधीच सुजतात. मंगळवारी डॉक्टरांकडे जातोय, काय काय विचारू? आणि सांधेदुखी पुढे कमी होते का हो?