सर्वोत्तम स्विस स्ट्रायकर: फ्राय नव्हे, ह्यूगी

लालनिळा:
स्विस स्ट्रायकर म्हटलं की सगळे अलेक्झांडर फ्रायचं नाव घेतात. 84 सामने, 42 गोल, देशाचा विक्रम. तरी पहिला मान मी बासेल क्लबच्या योझेफ 'सेप्पे' ह्यूगीलाच देईन. 34 सामन्यांत 23 गोल! 1954 चा विश्वचषक घरच्याच मैदानांवर होता, त्यात पठ्ठ्याने 6 गोल ठोकले. लोझान शहरातल्या सामन्यात इटलीशी 1-1 अशी बरोबरी असताना शेवटच्या पाव तासात विजयी गोल त्याचा. गटाचा निकाल लावायला बासेल शहरात स्विस संघाची पुन्हा इटलीशीच गाठ पडली, तेव्हाच्या 4-1 मधले दोन त्याचे. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रियाविरुद्ध हॅटट्रिक. तो सामना 5-7 असा गेला आणि याचं नाव मागे पडलं.

आकडेमोड:
सहमत नाही. त्या स्पर्धेत 26 सामन्यांत 140 गोल झाले, म्हणजे सामन्याला पाचाहून जास्त. हंगेरीच्या कोचिशने एकट्याने 11 केले. गोलांचा असा पाऊस पडत असताना 6 चं कौतुक किती करायचं? शिवाय ह्यूगी सगळी कारकीर्द स्वित्झर्लंडमध्येच खेळला. त्याच संघातला रॉजर फॉनलांथेन इंटर मिलानला गेला, पुढे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही झाला. फ्रायने तर रेन या क्लबकडून खेळताना 2004-05 मध्ये फ्रेंच लीगमध्ये सर्वाधिक गोल केले.

लालनिळा:
पाऊस इटलीच्या गोलपुढे पडत नव्हता हो! आणि बाहेर न जाणं हा कमीपणा कसा? बासेलने 1953 मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली, त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक गोल ह्यूगीचेच.

मधलीफळी:
5-7 चं खापर कुणी ह्यूगीवर फोडू नये. लोझानला त्या दिवशी 40 अंशांच्या आसपास ऊन होतं. विसाव्या मिनिटाच्या आत स्विस 3-0 ने पुढे, त्यातले दोन ह्यूगीचे. मग ऑस्ट्रियाने तीन मिनिटांत तीन गोल फेडले. कर्णधार रॉजर बोके आजारी असताना खेळत होता आणि तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती. प्रशिक्षक कार्ल रापान यांची 'बोल्ट' पद्धत, म्हणजे एक बचावपटू सगळ्यांच्या मागे मोकळा ठेवायचा, तीच कोलमडली. मला उलट हे मोठं वाटतं की अशा बचावाला धरून असलेल्या संघात राहून त्याने एवढे गोल काढले.

आकडेमोड:
हे पटतं. पण त्याने एका फटक्यात पाच गोल केले ते ऑक्टोबर 1960 मध्ये, फ्रान्सविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात. सरासरी अशा सामन्यांनी फुगते.

लालनिळा:
1958 च्या विश्वचषकात तिसरा आलेला फ्रान्स होता तो! 6-2 ने हरवलं त्याला, बासेलमध्ये, आणि ह्यूगी तेव्हा तिशीचा होता. फुगवायला दुबळा प्रतिस्पर्धी लागतो. मला 42 मोठे वाटत नाहीत असं नाही, पण त्यासाठी 84 सामने लागले. माझं मत ह्यूगीलाच.