प्रति: मोठी दुर्बीण आणि बारीक पिक्सेल

दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढताना, दुर्बीण मोठी असेल तर जितके बारीक पिक्सेल तितका तपशील जास्त, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय; ते मला पटत नाही. ८ इंची श्मिट-कॅसेग्रेनचं (आरसे आणि भिंग दोन्ही असलेल्या आटोपशीर दुर्बिणीचं) नाभीय अंतर २०३२ मिमी. त्यावर ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलचा कॅमेरा लावला की एका पिक्सेलवर जेमतेम ०.३८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश येतं. वातावरणाच्या थरथरीने तारा मात्र दोन-तीन विकला पसरतोच, म्हणजे त्याचा प्रकाश पाच ते आठ पिक्सेलांच्या रुंदीत वाटला जातो. तपशील तेवढाच राहतो, प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि फोटो दाणेदार होतो. २×२ बिनिंग करा (म्हणजे शेजारचे चार पिक्सेल मिळून एक धरा), नाहीतर ०.६३ चा रिड्यूसर (नाभीय अंतर तेवढ्या पटीने कमी करणारं भिंग) लावा. एम५१ सारखी आकाशात छोटी दिसणारी दीर्घिका त्यातही सुरेख येते. (देवयानी म्हणजे अँड्रोमेडा दीर्घिका सुमारे ३ अंश पसरलेली आहे, तिच्यासाठी छोटी दुर्बीणच घ्या.)

आणि गच्चीवरून फोटो काढताना तारा पसरण्यात स्लॅबचाही हात असतो, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं आणि नेमकी दुर्बिणीसमोरची हवा ढवळून काढते. पुण्यात मी तोच संच गच्चीवरून खाली अंगणातल्या मातीवर आणला, तर तारे लगेच बारीक दिसायला लागले. मार्च-एप्रिलमध्ये हा फरक सर्वात जास्त जाणवतो.