सासऱ्यांचे कागद: घरचे कुठले आणि गावचे कुठले, कसं ठरवायचं?

गावभागातली_सून

नमस्कार. माझे सासरे सांगलीत कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, एकतीस वर्षं. गेल्या मार्गशीर्षात गेले, वय ८९. घर गावभागात, नदीपासून चालत पाच मिनिटं, आणि आता ते विकायचं ठरलंय. दिरांचा पुण्याहून फोन आला, "वहिनी, दिवाळीच्या आत माळा रिकामा करू." माळा म्हणजे अण्णांचे कागद.

मोजले. पत्र्याच्या नऊ ट्रंका, साठ-बासष्ट बॉक्स फाइली आणि जुन्या धोतरांत बांधलेली बारा गाठोडी. बँकेत पस्तीस वर्षं काढली आहेत, व्हाउचरच्या ढिगाला भिणारी मी नव्हे. पण बँकेत कुठला कागद कुठं जायचा हे आधीच ठरलेलं असतं.

दिरांचं म्हणणं साधं आहे. जे सार्वजनिक आहे ते कुठल्यातरी संस्थेला देऊ, घरचं आपण दोघं वाटून घेऊ. मलाही पटलं. माजघरात दोन सतरंज्या टाकल्या, एक घरची, एक गावची. पहिल्या सकाळी छान चाललं होतं. पगाराच्या स्लिपा, मुलांची प्रगतिपुस्तकं, सासूबाईंना त्या माहेरी असताना लिहिलेली अंतर्देशीय पत्रं इकडं. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावरच्या हरकती, जकातीच्या पावत्यांचे गठ्ठे (नाक्यावर थांबून ट्रकवाल्यांकडून उतरवून घ्यायचे, लोकांना वाटायचं मास्तरांना वेड लागलंय), संपादकांना पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या, हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरच्या (हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे) तीन वह्या तिकडं.

मग एक कागद हाती आला. पुढून नगरपालिकेच्या सभेची सायक्लोस्टाइल केलेली सूचना, विषय क्रमांक ७, पाणीपट्टीची आकारणी. मागं पेन्सिलीनं वाण्याची यादी: गूळ, शेंगदाणे, रॉकेल, धुण्याचा सोडा. त्याखाली आडव्या रेघा मारून आठ दिवसांचा तक्ता. बंब १, आंघोळी ६, धुणं ४, भांडी २, झाडं १. सगळ्या बादल्या. रोजची बेरीज, खाली आठवड्याची. आणि कोपऱ्यात अण्णांचं बारीक अक्षर: "सरसकट पट्टी अन्याय्य. नळ तोच, पण वापर?"

या तक्त्यावरून त्यांनी पाणीपट्टीवर हरकत घेतली होती. तिची टंकलिखित प्रत दुसऱ्या सतरंजीवर आधीच पडली होती. पण तक्त्यातलं अक्षर अण्णांचं नाही. सासूबाईंचं आहे. बादल्या त्यांनी मोजल्यात.

आता हा कागद कुठल्या सतरंजीवर टाकू? आणि असे एक-दोन नाहीत. अण्णा कोरा कागद कधी वाया घालवत नसत, त्यामुळं अर्ध्या गावचा कारभार आमच्या किराण्याच्या पाठीवर आहे.

एका ग्रंथालयात जाऊन विचारून आले. पुस्तकं घेऊ, कागद नको, असं म्हणाले. काय करावं? कुणी असं काम केलंय का?

---

स्कॅन_करा_मोकळे_व्हा

ताई, भावनेत अडकू नका. मोबाइलवर स्कॅनिंगचं ॲप घ्या, रोज दोनशे कागद होतात. सगळं क्लाउडवर टाकून दोन्ही घरांना लिंक द्या. मूळ कागद रद्दीत. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नऊ ट्रंका कोण ठेवणार आहे?

---

रुमाल_दप्तर

ताई, आधी एक काम करा. त्या दोन सतरंज्या उचला.

मी दप्तरखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. या कामात एकच गोष्ट आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे: कागद ज्या क्रमानं ठेवलाय तो क्रम मोडायचा नाही. तुम्हाला पसारा वाटतो, पण अण्णांनी पाणीपट्टीची हरकत आणि बादल्यांचा तक्ता एका गाठोड्यात बांधला असेल तर दोन्ही एकत्र असणं हीच माहिती आहे. वेगळे केलेत की एकीकडं एक हरकत उरते, दुसरीकडं वाण्याची यादी. आकडा कुठून आला हे कायमचं गेलं. जेवढे वेगळे केलेत तेवढे आठवून परत जागी ठेवा. नाहीच आठवलं तर तसं चिठ्ठीवर लिहा, लाजू नका.

प्राध्यापकाचे कागद घरचे की गावचे हा प्रश्न तुमच्याच घरात नाही. धनंजयराव गाडगीळांचं घ्या. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली तिचे पहिले संचालक, आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच. कारखान्याच्या कागदावर सही अध्यक्षाची आणि डोकं प्राध्यापकाचं. पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी केली तीही त्यांनीच. डॉ. आंबेडकर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या लेखनाचा पहिला सरकारी खंड निघाला १९७९ साली, म्हणजे ते गेल्यावर तेवीस वर्षांनी. पुढच्या खंडांत हस्तलिखितातून आलेला मजकूर किती आहे बघा. तेवढी वर्षं ते कागद कुणीतरी ठेवले म्हणून.

तुमचे सासरे एवढे मोठे नव्हते, मान्य. पण मोठ्या माणसांचं कुणी ना कुणी बघतंच. एका घरात आठवड्याला किती बादल्या पाणी लागायचं, ते सांगणारा कागद सरकारी दप्तरात तुम्हाला सापडणार नाही.

आता हातानं करायचं ते सांगतो. प्रत्येक ट्रंकेला, गाठोड्याला नंबर द्या. उघडायच्या आधी फोटो काढा. कागदावर नंबर घालायचा तर मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद फाटतो. पातळ चिमट्यानं अलगद सैल करा. रबरबँड वितळून चिकटले असतील, तेही तसेच. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. वर्तमानपत्राची कात्रणं शेजारच्या कागदाला पिवळं करतात, मधे साधा पांढरा कागद घाला. फॅक्स असतील तर त्यांची झेरॉक्स आधी काढा, ती शाई उडून जाते. डांबरगोळ्या कागदावर नकोत. कसर दिसली तर ते गाठोडं बाकीच्यांपासून लांब ठेवा. आणि धोतरं फेकू नका. आमच्याकडंही दप्तर रुमालातच बांधलेलं असायचं. धुतलेलं सुती कापड बाजारच्या प्लॅस्टिक पिशवीपेक्षा कधीही चांगलं.

स्कॅन जरूर करा, पण वरच्या भाऊसाहेबांचं "मूळ कागद रद्दीत" हे वाक्य ऐकू नका. पेन्सिलीचा दाब आणि पाठपोट एकच कागद असणं मोबाइलच्या फोटोत नीट येत नाही. आणि लिंक कुणाच्या खात्यावर आहे, त्या माणसानं ते खातं बंद केलं की काय, याचाही विचार करा.

तीन प्रकारचे कागद बाजूला न काढता फक्त यादीत खूण करून ठेवा. एक, नोंद क्रमांक असलेल्या कार्यालयाच्या मूळ फाइली. समितीवर असताना घरी आलेल्या आणि परत न गेलेल्या असतात. त्या कार्यालयाच्या. सदस्याला मिळालेल्या प्रती त्यांच्या स्वतःच्या. दोन, दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रं. कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. तो गेल्यावर वारसांकडं जातो. तीन, पाहणीचे फॉर्म. त्यात माणसाचं नाव, जात, कर्ज, मजुरी असं सगळं असतं. लोकांनी मास्तरांना विश्वासानं सांगितलेलं.

देणार कुणाला? कोल्हापूरला राज्याचं पुराभिलेखागार आहे, शिवाजी विद्यापीठाचं बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. दोन्हीकडं यादी घेऊन जा. नुसतं "आमच्याकडं कागद आहेत" म्हणालात तर ग्रंथालयात ऐकलंत तेच उत्तर येईल. यादी बघितली की माणूस खुर्ची पुढं ओढतो. आणि तोंडी काही देऊ नका. दानपत्र करा: कुठलं आत्ता खुलं, कुठलं इतकी वर्षं बंद, घरच्यांना बघता येईल का, आणि संस्थेला सांभाळणं झेपलं नाही तर कागद कुणाला परत.

---

विसापूरकर_७२

वहिनी, तुम्ही नाव लिहिलं नाही तरी सर कोण ते कळलं. जकात नाक्यावर वही घेऊन उभा राहणारा प्राध्यापक सांगलीत एकच होता. वाचून जरा वेळ उठून बाहेर जाऊन आलो.

मी तासगाव तालुक्यातला. सर आम्हाला रोजगार हमी शिकवायचे ते फळ्यावर नाही. ही योजना मुळात आमच्याच तालुक्यात १९६५ मध्ये करून बघितली गेली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकारानं. कायदा झाला १९७७ ला, लागू १९७९ च्या २६ जानेवारीपासून. पुस्तकात एवढंच. सर मात्र बहात्तरच्या दुष्काळात आम्हा पाच-सहा पोरांना घेऊन खडी फोडण्याच्या कामावर गेले. हातात वही. कुणी किती फोडली, मोजमाप कुणी घेतलं, हातात पैसे किती पडले, किती दिवसांनी, आणि मधल्या दिवसांत घरात काय शिजलं. सुकडी (दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ) मिळाली का, मिळाली तर पोरांनी खाल्ली का. मुकादम वैतागला. म्हणाला, मास्तर, आमचं मोजमाप आम्ही घेतो. सर म्हणाले, घ्या की, मी तुमचं मोजमाप घेतोय.

त्या कामावर माझी आईपण होती. सरांना ठाऊक नव्हतं. लाजेनं मी सांगितलं नाही. त्यांनी तिला बाकीच्यांसारखंच विचारलं आणि तिनं सांगितलं, उधारी किती, कुणाची, सगळं. मी शेजारी उभा राहून लिहून घेत होतो. म्हणजे ते माझ्याच अक्षरात आहे.

ती वही असेल तर जपा. पण रुमाल_दप्तर म्हणतात ते खरंय, नावं लगेच उघडी करू नका. आई नाही आता. तिची उधारी कुणाच्या प्रबंधात नावानिशी आली तर मला नाही चालणार. आकडे घ्या, आडनावं झाका.

---

गावभागातली_सून

सगळ्यांचे आभार. सतरंज्या उचलल्या.

विसापूरकर भाऊ, वही सापडली. ट्रंक ४, खाकी पुठ्ठा. अक्षरं तीन-चार जणांची आहेत, तुमचं कुठलं ते मला ओळखता येणार नाही. मी पानं वाचली नाहीत, फक्त मोजली. ९४. दानपत्रात ही वही बंद म्हणून घालणार. तुम्ही सांगलीला आलात तर आधी तुम्हीच बघून जा.

हसू आलं ते एका गोष्टीचं. त्याच ट्रंकेत अण्णांच्या पगाराच्या स्लिपा आहेत आणि व्यवसाय कराच्या रकमेवर लाल पेन्सिलीनं गोल केलाय. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून हा कर लावला होता. मी बँकेत पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले बघून इतकी वर्षं बोटं मोडत होते, आणि घरातच एक माणूस आपले पैसे कुठल्या बांधावर पोचले याचा हिशेब ठेवत बसला होता. सांगितलं असतं तर!

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या माजघरात गुडघ्याच्या वर होतं. माळ्यावरचं वाचलं. खाली पलंगाखाली दोन गाठोडी होती, ती भिजली. अण्णा तेव्हा ८३ वर्षांचे. आम्ही नातेवाइकांकडं गेलो होतो, परत आल्यावर त्यांनी घरातला चिखल बघितलाच नाही. दोन दिवस पंख्याखाली एकेक पान टीपकागदात घालून वाळवत बसले. उन्हात टाकू म्हटलं तर माझ्यावर ओरडले. ती पेवांची गाठोडी होती. २००५ च्या पुरात हरिपूरची कितीतरी पेवं ढासळली, वहीतली जी पेवं आता जमिनीतच नाहीत त्यांचं भाडं, त्यांचे मालक, हळद किती दिवस आत राहिली ते फक्त इथं आहे. पानांच्या कडेला गाळाची रेघ आहे अजून. पुसायला गेले होते, मग ठेवली तशीच.

दिरांना बादल्यांचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला, दोन्ही बाजू. बराच वेळ निळ्या खुणा. मग फोन आला. म्हणाले, "झाडं १, ती बादली मी घालायचो." दिवाळीच्या ऐवजी मार्च म्हणालेत.

आता एकच शंका. यादीच्या वर लिहायचंय, "प्रा. अमुक यांचे कागद". पण तक्ते निम्मे सासूबाईंचे. त्या सातवी शिकलेल्या. दुधाचा भाव, रेशनची साखर, रॉकेलच्या रांगेत लागलेला वेळ हे सगळं त्यांच्या अक्षरात आहे. त्यांचं नाव कुठं घालू? आभारात?

---

रुमाल_दप्तर

आभारात नाही. शीर्षकात. दोघांची नावं, पूर्ण. आणि यादीत प्रत्येक कागदापुढं एक रकाना वाढवा, "अक्षर कुणाचं". माहीत नसेल तिथं फुली.

गाळाची रेघ ठेवलीत ते बरं केलंत. पेन्सिल २बी घ्या, टोक फार काढू नका.