टू-डी इकोत ‘भिंत जाड’ आली? तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. रिपोर्ट मी रिक्षातच उघडला, नाशिकच्या शालिमारच्या गर्दीत. ‘कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, एलए माइल्डली डायलेटेड, ईएफ 60 टक्के.’ मला वाटलं, हृदय साठ टक्केच चालतंय! आईने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळाली, तोवर घरात कुणाला धड झोप नाही. मग कळलं की ईएफ म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं ते, आणि 60 हे नॉर्मलच; निरोगी हृदयही एका ठोक्यात सगळं रक्त बाहेर टाकत नाही. खरी गोष्ट वेगळी होती. एलव्हीएच म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणं. आईची 13 मिलिमीटर, बायकांत ती साधारण 9 पर्यंत असते. वाढलेल्या बीपीविरुद्ध वर्षानुवर्षं जोर लावून स्नायू जाड आणि ताठ होतो, त्यात रक्त सहज भरत नाही, म्हणून वरचा कप्पा (रिपोर्टमधला ‘एलए’) ताणला जातो. आईचं बीपी 170/100. ‘बरं वाटतंय’ म्हणून तिने गोळी तीन वर्षांपूर्वीच सोडली होती, आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

तुमच्याकडे पुढे काय झालं, सविस्तर लिहा.

•

सातपूरला कंपनीत आहे, वय 44. वार्षिक तपासणीत ईसीजीवर शंका आली, इकोत भिंत 14. त्रास काहीच नव्हता. गोळी सुरू झाली आणि मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. हिने रोज सकाळी दोघांचे दोन चमचे वाटीत काढून ठेवायला सुरुवात केली; वाटी रिकामी झाली की संपलं. पापड, लोणचं, चिवडा बंद. मिसळ सुटली त्याचं वाईट वाटतं. दीड वर्षाने 12 आली. मोजणारा बदलला की एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून दुसरा इको मुद्दाम त्याच ठिकाणी केला.

•

आमच्या दादांना ‘हार्ट मोठं झालंय’ एवढंच सांगून घरी पाठवलं होतं. कप्पा मोठा होणं वेगळं आणि भिंत जाड होणं वेगळं, हे दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दादांचा कप्पा फुगलेला, ईएफ 35, पायांवर सूज. कृपया नीट विचारून घ्या.

•

भाऊ 31 वर्षांचा, बीपी नॉर्मल. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना चक्कर येऊन खाली बसला. भिंत 19! हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार निघाला, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. सख्ख्या भावंडांनीही इको करा म्हणाले. भीतीपोटी मी चार महिने टाळलं. माझा नॉर्मल आला, पण पुन्हा करत राहायचा आहे. त्याची कबड्डी सुटली, ते त्याला फार लागलंय.

•

धागा काढणारी परत. आईची बीपीची वही सुरू आहे, आज सकाळी 128/80. तुमचं वाचून तोच पट्टा माझ्या दंडाला बांधला. 148/94, दोनदा. उद्या दाखवायला जातेय.