ट्रकला ब्लॉक हीटर लावून कारगिलला न्यायचाय, सेफ आहे का?

फोंडा_सहाचाकी:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात माल घेऊन श्रीनगरवरून कारगिलला जायचंय, डिझेल गाडी आहे, आत्तापर्यंत बेळगाव-पुणे लाईनवरच पळालीय. वर सकाळी इंजिन स्टार्ट होत नाही म्हणतात म्हणून भावाने ऑनलाइन ब्लॉक हीटर (विजेवर इंजिन गरम करायचा रॉड) मागवला, तो इथंच बसवून नेऊ म्हणतोय. ढाब्यावर रात्रभर प्लगला लावून ठेवला तर चालतो का? मला वायर पेटायची भीती वाटते. रेडिएटरमध्ये सध्या साधं पाणीच आहे.

डिचोली_गॅरेज:
बाब, आधी ते पाणी काढा! आपल्याकडे चालून जातं, पण वाटेत द्रासला रात्री गोठलं की फुगून इंजिनच्या ब्लॉकला तडा जाईल, मग हीटर असून काय उपयोग. सगळं ड्रेन करून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, उणे 35 च्या आसपासपर्यंत बघायला नको. हीटर बसवला की सिस्टीममधली हवा पूर्ण काढायची, रॉड कुलंटमध्ये बुडालेलाच हवा, कोरडा चालू झाला तर लगेच जळतो. आणि हीटरवर व्होल्ट किती लिहिलेत?

फोंडा_सहाचाकी:
120 व्होल्ट, 1000 वॅट.

डिचोली_गॅरेज:
मग हात पण लावू नका त्याला. तो अमेरिका-कॅनडाचा माल, आपली लाईन 230 ची. इथं लावला तर 1000 च्या जागी साडेतीन हजार वॅटच्या वर ओढेल, वायर वितळेल नाहीतर रॉड तरी जाईल. परत करा, 230 चाच घ्या.

मडगाव_लाँगरूट:
बरोबर सांगितलं यांनी. रात्रभर कशाला लावताय, निघायच्या आधी दोन-तीन तास पुरे होतात. वायर जाड, तीन कोअरची, अर्थिंगवाली घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून टाका, गुंडाळलेली वायर आतून तापते. जोड बर्फात-पाण्यात पडू द्यायचा नाही. ढाब्याच्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही, आधी चेक करून घ्यायचं. सेल्फ मारायच्या आधी प्लग काढायचा, नाहीतर वायर ओढत गाडी निघते.
वर काही जण टाकीखाली बोळे पेटवतात, कोणी कितीही सांगू दे, ते करू नका.
अजून एक, हीटर फक्त इंजिन गरम करतो, टाकीतलं डिझेल नाही. थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर चोक होतो. लडाखात 2019 पासून इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल आलंय, उणे 33 पर्यंत वाहतं, मिळेल तिथं तेच भरा.

फोंडा_सहाचाकी:
हीटर आजच परत पाठवतो, कुलंटचं पण उद्या करून घेतो. टाकीत इकडचं साधं डिझेल थोडं उरलं आणि त्यावर ते हिवाळी भरलं तर चालेल?

मडगाव_लाँगरूट:
चालतं, पण साधं जेवढं जास्त राहील तेवढा फायदा कमी. वर पोचेपर्यंत टाकी जमेल तेवढी खाली आणा, आणि एक डिझेल फिल्टर जादा ठेवा सोबत.